सीझरच्या नावात 'ज' नव्हताच

'जे' अक्षरावरून नाव असलेली माणसं जन्मतःच नेते असतात, उदाहरणार्थ ज्युलियस सीझर, असं सांगणारे अंकशास्त्रवाले रील्स हल्ली जिकडेतिकडे फिरतायत. गंमत म्हणजे सीझरच्या रोममध्ये 'जे' हे अक्षरच नव्हतं! 'आय' हे एकच अक्षर 'इ' आणि 'य' दोन्हीसाठी चालायचं, दोन वेगळी अक्षरं करायची टूम निघाली १६व्या शतकात. त्यामुळे गड्याचं नाव होतं गायुस यूलियुस काएसार. आता काढा त्याचा लकी नंबर.

बरं, यूलियुस हे पाळण्यातलं नावही नव्हे, ते कुळाचं नाव. त्या कुळातल्या बायका सरसकट यूलिया: सीझरची आत्या यूलिया, दोन्ही बहिणी यूलिया, मुलगीसुद्धा यूलियाच. मालकाने मुक्त केलेला गुलाम त्याचं कुलनाव लावायचा, नवे नागरिकही ज्याच्या कृपेने रोमचं नागरिकत्व मिळालं त्याचं कुलनाव लावायचे, म्हणून हे नाव रक्ताचं नातं नसताना लांबलांब पोचलं. इ.स. ६८ मध्ये नीरोविरुद्ध उठाव करणारा विंडेक्स घ्या, माणूस गॉलचा म्हणजे आजच्या फ्रान्सचा, पण पूर्ण नाव गायुस यूलियुस विंडेक्स. पुढे चौथ्या शतकात या नावाचे एक पोपही झाले, मग ख्रिस्ती घरांत ते चाललंच.

पण मला खरी मजा वाटते ती 'य'चा 'ज' कसा झाला यात. 'य' म्हणून बघा. जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो पण चिकटत नाही, फटीतून हवा जात राहते. आता तोच 'य' जरा जोर देऊन म्हणा, फट क्षणभर बंद होते, मग हवा घासत सुटते आणि निघतो 'ज'. रोमच्या उतरत्या काळातल्या बोली लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला नेमकं हेच झालं. इटालियन तिथेच थांबली, 'जूलिओ'. फ्रेंचांनी १३व्या शतकाच्या सुमारास जिभेचं ते टेकणं सोडून दिलं, नुसती घासण उरली, 'टेलिव्हिजन' इंग्रजीत म्हणताना येतो तसा मऊ 'झ', पोर्तुगीजांचाही तोच. स्पॅनिशमध्ये त्याचा 'श' झाला आणि तो मागे घसरत घशात गेला, म्हणून 'हुलिओ'. इंग्रजांनी 'ज' उचलला तो फ्रेंचांनी सोडायच्या आधी, त्यामुळे जुना फ्रेंच उच्चार आज इंग्रजीत ऐकू येतो. जर्मन मात्र अजून 'यूलिउस'च म्हणतात.

गोव्यात हे नाव पोर्तुगीजांबरोबर आलं, मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो हे मूळच्या गोव्याच्या घरातले. पण 'य'चा 'ज' करायला आपल्याला पोर्तुगीजांची गरज नव्हती, प्राकृतात तो आधीच झाला होता: यमुनेची जमुना, योग्याचा जोगी, यादवांचे जाधव. मराठीने तर जाधवांचा 'ज' आणखी पुढे ढकलून थेट दातांच्या मुळाशी नेला, हिंदीवाल्याला 'जाधव' म्हणायला सांगा, फरक लगेच कळेल.