बसऱ्याला गेलेला गडी

माझ्या आजीच्या माहेरी, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात, देव्हाऱ्यात टाकांच्या मागं एक जड गोल तबकडी उभी असते. तळहाताहून जरा मोठी. तिच्यावर एक उभी बाई आणि पुढ्यात सिंह. कोल्हापूरच्या मुलखात बाई आणि सिंह एकत्र दिसल्यावर दुसरं कोण असणार? घरातल्या बायकांनी ती अंबाबाई धरली आणि तिला पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू लागत गेलं. दहा-बारा वर्षांपूर्वी मामानं चिंचेनं ती घासली, तेव्हा कुंकवाच्या थराखालून कडेची इंग्रजी अक्षरं वर आली आणि एका चौकटीत नाव निघालं. आजीच्या चुलत्याचं, आण्णाचं.

ती बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटन देशाचं बाईच्या रूपातलं प्रतीक. पहिल्या महायुद्धात मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं अशी ब्राँझची तबकडी पाठवली होती. व्यास 12 सेंटीमीटर. एकूण साडेतेरा लाखांवर ओतल्या गेल्या. कडेनं मजकूर असा की हा माणूस स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला. नावाच्या आधी हुद्दा मुद्दाम घातला नाही, कारण मरणात जनरल आणि शिपाई सारखेच, असा त्यामागचा विचार. पलटणीचं नावही नाही. ते असायचं चांदीच्या युद्धपदकाच्या कडेवर, शिपायाच्या नंबरासकट. आमच्या घरचं ते पदक एका वाईट वर्षी सोनाराकडं गेलं. चांदी होती, मोडून दाणे आले. ब्राँझला कोण पैसे देणार, म्हणून तबकडी उरली.

आजी त्याची गोष्ट एका ओळीत सांगायची. "आण्णा पाटलाकडं सालानं हुता, जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेला, तिकडंच ऱ्हायला." बसरा म्हणजे आजच्या इराकातलं बंदर, तेव्हा तुर्कांच्या ताब्यातलं.

सालानं राहणं म्हणजे पाडव्याला ठरायचं आणि पुढच्या पाडव्याला सुटायचं. मोट हाकायची, वैरण कापायची, रात्री गोठ्यातच झोपायचं. बदल्यात ठरलेले दाणे, एक धोतरजोडी, एक घोंगडं, पायताण. रोख पैसा हातात पडायचा तो फार थोडा, आणि तोही बहुतेक वेळा आधीच उचल घेऊन संपलेला. त्याच काळात पलटणीतल्या शिपायाला महिन्याला 11 रुपये रोख मिळत. हा आकडा ध्यानात ठेवल्याशिवाय त्या भरतीचं काही कळत नाही. लढाई कशाची, सर्बिया कुठं, हे आण्णाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. घरी मनिऑर्डर येणार, एवढं कळायचं आणि तेवढं पुरेसं होतं.

पैशाच्या जोडीला मानही होता. राजर्षी शाहू महाराजांनी या भरतीला उघड पाठिंबा दिला. मराठ्याच्या पोरानं पुन्हा हत्यार धरावं, ही भावना गावोगाव होती. पण ही वाट सगळ्या गड्यांना खुली नव्हती. एकाच गोठ्यात राबणाऱ्या महार पोराला इंग्रजांनी 1890 च्या दशकात सैन्याची दारं बंद केली होती. ती 1917 साली, माणसं कमी पडू लागल्यावर, उघडली आणि युद्ध सरल्यावर 1921 मध्ये त्यांची पलटण मोडूनही टाकली. त्याच्या आदल्याच वर्षी, 1920 च्या मार्चमध्ये, याच कोल्हापूर संस्थानात अस्पृश्य समाजाची माणगावची परिषद भरली होती.

कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 पासून चालू होती. त्याच रुळावरून ही पोरं गावाबाहेर पडली आणि पुढं मुंबईहून बोटीत बसली. 1914 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी बसरा घेतलं, ते मुख्यतः पूना डिव्हिजनच्या जोरावर. या डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या 103, 110 आणि 117 नंबरच्या पलटणी होत्या. फौज तैग्रिसच्या काठानं बगदादकडं सरकली, 1915 च्या नोव्हेंबरात टेसिफॉनला अडली, मागं फिरली आणि डिसेंबरात नदीच्या वळणातल्या कूत-अल-अमारा गावात तुर्की फौजेकडून वेढली गेली.

कूतचा वेढा जवळजवळ पाच महिने चालला. आतल्यांना सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे 23,000 माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. आत धान्य सापडलं होतं, पण दळायला काही धड नव्हतं. म्हणून विमानातून जात्याचे दगड खाली टाकले गेले. आण्णा तिथं होता हे आता नोंदींवरून ठाऊक आहे, आणि हा दगड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पहाटे जात्याच्या घरघरीनं जागा होणारा पोरगा, विमान आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय, आणि त्यातून पडतंय जातं.

भाकरी रोज लहान होत गेली. घोडे कापले गेले, पण हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरीही एप्रिल उजाडेपर्यंत पुष्कळांनी तोंडाला लावलं नाही. ताजं खाणं न मिळाल्यानं होणारी स्कर्व्ही आणि हगवण यांनी माणसं गेली. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 जणांनी शरणागती पत्करली. उरलेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि कित्येकांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. आण्णा त्याआधीच, एप्रिलातच, गेला होता.

बसऱ्याला युद्धस्मारक आहे, 40,000 हून जास्त मृतांचं. त्याच्या भिंतीवर आण्णाचं नाव नाही. इंग्रज शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचं कोरलं, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या घातली. तबकडीवर हुद्दा नको म्हणणाऱ्या साम्राज्यातच हे घडलं, आणि मला त्याचा राग येतो. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं 2021 मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. पुष्कळ जण नाव शोधायला इंडिया गेटला जातात. तिथं 13,000 वर नावं आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर पडलेल्यांची. बसऱ्याकडं गेलेल्यांची नावं आयोगाच्या कागदी नोंदवहीत राहिली आणि ती आता इंटरनेटवर पाहता येते. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुकाही सापडतो. स्पेलिंग वेडंवाकडं असतं, म्हणून गावाचं नाव चार-पाच प्रकारांनी घालून बघावं लागतं. आम्हाला तिसऱ्या खेपेला सापडलं.

आपल्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला लोक सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतात. शेजारच्या साताऱ्यातल्या अपशिंग्यातून गेलेले 46 जण त्या युद्धात परतले नाहीत. जुन्या पेट्या, देव्हारे, माळ्यावरची गाठोडी उघडून बघा.

आण्णाची तारीख माहीत नव्हती, म्हणून त्याचं पान शंभर वर्षं सर्वपित्रीला वाढलं जायचं. मामानं नोंदीतली तारीख भटजींना दाखवून तिथी काढून घेतली, आणि आता पितृपंधरवड्यात त्याचं पान वेगळं, त्याच्या तिथीला वाढतात. तबकडी परत टाकांच्या मागं उभी आहे. मामी कुंकू अजून लावते, नावाच्या चौकटीला सोडून.