बादमे कोणाचं? निकाल २००२ सालीच लागला होता

इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद यांनी २०१८ साली इरिट्रियाशी असलेला सीमावाद मिटवला आणि त्यांना नोबेल मिळालं, असं सर्रास सांगितलं जातं. नोबेल खरं, २०१९ चं. वाद मिटल्याची गोष्ट मात्र अर्धीच खरी.

मे १९९८ मध्ये दोन्ही देशांत युद्ध पेटलं ते सीमेवरच्या बादमे या लहानशा गावावरून. डिसेंबर २००० मध्ये अल्जीअर्स करार झाला, सीमा आयोग नेमला गेला. त्याने १९००, १९०२ आणि १९०८ चे, इरिट्रिया इटलीची वसाहत असतानाचे करार तपासून एप्रिल २००२ मध्ये निकाल दिला. गंमत अशी, की निकाल येताच इथिओपियाने ‘बादमे आमचंच’ म्हणून जाहीर करून टाकलं. प्रत्यक्षात ते इरिट्रियाच्या वाट्याला गेलं होतं. मग ताबा सोडायला नकार. जमिनीवर सीमेचे खांब रोवता येईनात, तेव्हा आयोगाने २००७ मध्ये अक्षांश-रेखांशांनी कागदावरच सीमा आखली.

अबींनी सीमेपुरतं केलं ते इतकंच: तो जुना निकाल मान्य केला. जुलै २०१८ मध्ये इरिट्रियाची राजधानी अस्मारात मैत्रीची घोषणा झाली, सप्टेंबरात सीमेवरची नाकी उघडली आणि काही महिन्यांतच एकेक करून पुन्हा बंद झाली. जमिनीवरची आखणी राहिली ती राहिलीच.