गिटार ॲम्प्लिफायर : ध्वनिगुण आणि बांधणी

गिटार ॲम्प्लिफायर : इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये तारांच्या कंपनामुळे निर्माण होणारा क्षीण विद्युत् संकेत वाढवून तो लाउडस्पीकरवाटे ऐकवणारे उपकरण. वादक त्याला नुसते ‘ॲम्प’ म्हणतात. घरगुती हाय-फाय संचाने मूळ ध्वनी जसाच्या तसा राखावा अशी अपेक्षा असते. गिटारच्या ॲम्पने ध्वनी बदलावा अशीच अपेक्षा असते, आणि तो कसा बदलतो यावर ॲम्पची किंमत व कीर्ती ठरते.

गिटारसाठी म्हणून बनवलेला पहिला ॲम्प कोणता याविषयी एकमत नाही. शिकागोच्या स्ट्रॉमबर्ग-व्हॉइसिनेट कंपनीने १९२८ मध्ये ॲम्पसह विद्युत् वाद्यांची जाहिरात केली होती. मात्र त्या संचाचा खात्रीलायक नमुना हाती नसल्याने बहुतेक अभ्यासक १९३२ च्या सुमारास जॉर्ज बीचम व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी लॉस एंजेलिसमध्ये विक्रीस आणलेल्या संचापासून सुरुवात धरतात. प्रत्यक्ष वस्तूचा पुरावा पाहता हेच अधिक ग्राह्य वाटते.

ध्वनिगुणांच्या तुलनेसाठी सर्वांत उद्बोधक जोडी म्हणजे अमेरिकेतील फेंडर बासमन आणि इंग्लंडमधील मार्शल जेटीएम ४५. बासमन हा लिओ फेंडर (१९०९–९१) यांच्या कॅलिफोर्नियातील कारखान्यात १९५२ मध्ये बेस गिटारसाठी बनला. तेव्हा त्यात १५ इंची एकच स्पीकर होता. १९५० च्या दशकाच्या मध्यास त्याजागी जेन्सन कंपनीचे १० इंची चार स्पीकर आले आणि बेसवादकांपेक्षा गिटारवादकांनीच तो उचलून धरला. त्याचे ५एफ६-ए हे परिपथरूप साधारणतः १९५८ ते १९६० या काळातील. जेटीएम ४५ चा जन्म लंडनच्या हॅनवेल भागातील जिम मार्शल (१९२३–२०१२) यांच्या ड्रमच्या दुकानात झाला. बासमन आयात करणे महाग पडत असल्याने तसाच ॲम्प इथेच बनवावा, असे ठरले. पहिल्या नमुन्याचे वर्ष सामान्यतः १९६२ दिले जाते, काहीजण नियमित उत्पादन १९६३ पासून धरतात. श्रेयाबद्दलही दोन मते आहेत. कंपनीच्या नावामुळे मार्शल यांचे नाव पुढे आले; पण सोल्डरिंगचे काम केन ब्रॅन व तरुण तंत्रज्ञ डडली क्रेव्हन यांचे, आणि आराखड्याचा मोठा वाटा क्रेव्हन यांचा, असे अलीकडचे लेखन सुचवते. ते पटण्याजोगे आहे.

जेटीएम ४५ ही बासमनची नक्कल, हे विधान वारंवार केले जाते व कागदावर ते जवळजवळ खरे आहे. तथापि ५एफ६-ए हा तरी कुठे शून्यातून आला होता? त्यातील कला-विभाजकाचे (एका संकेतापासून परस्परविरुद्ध दोन संकेत करणाऱ्या भागाचे) मूळ ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लमलाइन यांच्या १९३० च्या दशकातील पेटंटपर्यंत जाते, आणि जुन्या फेंडर ॲम्पमध्ये चिकटवलेल्या व्हॉल्व्हच्या (निर्वात नळ्यांच्या) तक्त्यावर अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या पेटंट-परवान्याचा उल्लेख छापलेला दिसतो.

नक्कल असूनही दोघांचा आवाज निराळा येतो. कारणे शोधताना प्रथम व्हॉल्व्हकडे बोट दाखवले जाते. बासमनच्या पहिल्या टप्प्यात १२एवाय७ हा व्हॉल्व्ह असून त्याचा विवर्धनांक (तो संकेत जास्तीत जास्त किती पट वाढवू शकतो तो आकडा) ४० ते ४५ आहे. मार्शलने तेथे ईसीसी ८३ बसवला, त्याचा विवर्धनांक १०० आहे. म्हणजे मार्शल लवकर ‘फाटतो’, त्याच्या आवाजात विकृती (डिस्टॉर्शन) लवकर येते. शेवटच्या टप्प्यात बासमनमध्ये ५८८१ ची जोडी होती. सुरुवातीच्या मार्शलमध्येही तीच आढळते, पुढे तिच्या जागी ब्रिटिश केटी ६६ आले. याहून दुर्लक्षित मुद्दा ऋण पुनर्भरणाचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग उलट करून मागे देण्याचा. बासमनमध्ये ८ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडलेले असल्याने एकूण भार २ ओहम येतो आणि पुनर्भरणाचा संकेत आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या २ ओहमच्याच टोकावरून २७ किलोओहमच्या रोधकामार्फत मागे येतो. मार्शलने रोधक तोच ठेवला, मात्र सुरुवातीच्या अनेक ॲम्पमध्ये संकेत १६ ओहमच्या टोकावरून घेतला. तेवढ्याच शक्तीला १६ ओहमच्या टोकावर २ ओहमच्या मानाने सुमारे २.८ पट व्होल्टता असते. म्हणून पुनर्भरण तेवढ्या पटीने वाढते. परिणामी एका मर्यादेपर्यंत आवाज आवळलेला व स्वच्छ राहतो, मर्यादा ओलांडताच तो एकदम फुटतो. बासमन मात्र हळूहळू, जणू वादकाच्या बोटाच्या जोरानुसार खरखरत जातो.

एवढे मान्य करूनही सर्वांत मोठा फरक स्पीकर व पेटीतच आहे, असे प्रस्तुत नोंदीचे मत. बासमनची पेटी पाइनच्या फळ्यांची व मागून उघडी. मार्शलची बर्च प्लायवुडची, मागून बंद, आणि १२ इंची चार सेलेस्टिऑन स्पीकरांची. उघड्या पेटीत मागचा ध्वनी पुढच्या ध्वनीला अंशतः मारतो. त्यामुळे खर्ज सैल पडतो, पण आवाज खोलीभर पसरतो. बंद पेटीचा खर्ज घट्ट असतो व आवाज समोर झोत टाकावा तसा जातो. चारच स्पीकर का, याचे कारण सौंदर्यशास्त्रीय नव्हे: त्या काळचे दोन सेलेस्टिऑन ॲम्पच्या शक्तीपुढे टिकत नसत.

गिटारचा स्पीकर ही एक प्रकारची गाळणीही असते. सेलेस्टिऑनच्या ‘ग्रीनबॅक’ची दिलेली व्याप्ती ७५ ते ५,००० हर्ट्झ आहे. गिटारच्या जाड मोकळ्या तारेची मूळ वारंवारता सुमारे ८२ हर्ट्झ, म्हणजे खालची बाजू जेमतेम सांभाळली जाते. वरच्या टोकाला डिस्टॉर्शनमधले कर्कश अधिस्वर कापले जातात. तोच संकेत हाय-फाय स्पीकरवर ऐकवला तर डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा ऐकू येतो. स्पीकरची संवेदनशीलता (ठरावीक शक्तीला तो किती जोरात वाजतो) हा तुलनेचा आणखी एक निकष : ग्रीनबॅक ९८ डेसिबल, तर त्याच कंपनीचा ‘ब्लू’ व १९८६ चा ‘व्हिंटेज ३०’ हे प्रत्येकी १०० डेसिबल. दोन डेसिबलचा हा फरक भरून काढायला ॲम्पची शक्ती सुमारे १.६ पट करावी लागते. वॅटचा आकडा पाहून ॲम्प निवडणारे नेमके हेच विसरतात. ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचे ‘अल्निको’ चुंबक जोरात वाजवल्यावर आवाज गोडसर दाबतात व सिरॅमिक दाबत नाहीत, हा समज मात्र वादग्रस्त आहे. बाजारातील दोन स्पीकरांत चुंबकाबरोबर कोनचा कागद व व्हॉइस कॉइलही (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) बदललेली असते. त्यामुळे फरकाचे श्रेय एकट्या चुंबकाला देता येत नाही.

असाच दुसरा वाद व्हॉक्स एसी ३० चा. डिक डेनी यांनी आखलेला हा ॲम्प ‘क्लास ए’ (व्हॉल्व्हमधून प्रवाह सतत वाहता ठेवणारी रचना) म्हणून विकला जातो. त्यात ईएल ८४ चे चार व्हॉल्व्ह असतात. प्रत्येकाची उष्णता सोसण्याची मर्यादा १२ वॅट, म्हणजे एकूण ४८. आणि क्लास ए ची तात्त्विक कार्यक्षमता जास्तीत जास्त ५० टक्के. त्या हिशेबाने २४ वॅटच्या वर जाता येत नाही. ३० वॅट मिळतात याचा अर्थ जोरात वाजवताना तो क्लास एबी मध्ये, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह लहरीच्या काही भागात बंद राहतो अशा रीतीत, शिरतो. त्याच्या खास झंकाराची कारणे निराळी : ऋण पुनर्भरणाचा अभाव, कॅथोड-बायस (व्हॉल्व्हच्या कॅथोडला जोडलेल्या रोधकाने त्याचा प्रवाह ठरवणे) आणि ब्लू स्पीकर.

बांधणीच्या बाबतीत ‘हातजोडणी’ला फार मान आहे. फेंडरने मेण पाजलेल्या फायबरच्या पट्टीवर भाग जोडले, मार्शलने १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत टर्मिनलांची पट्टी वापरून नंतर छापील सर्किट बोर्ड स्वीकारला. हायवॉट कंपनीच्या ॲम्पमध्ये हॅरी जॉइस यांची काटकोनात वळवून बांधलेली वायरिंग व पार्ट्रिज कंपनीचे ट्रान्सफॉर्मर आजही नमुना म्हणून दाखवले जातात. केवळ छापील बोर्ड म्हणजे हलकी बांधणी असे नाही. खरी दुबळी जागा व्हॉल्व्हचे सॉकेट व पॉट (आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणांमागील फिरते रोधक) थेट बोर्डावर बसवण्यात आहे. उष्णतेने व ओढाताणीने तेथील सोल्डरला तडे जातात. उलट जुनी फायबरची पट्टी दमट हवेत ओलावा शोषून किंचित विद्युत् वाहू लागते, मग पॉट फिरवताना खरखर येते. कोकणपट्टीच्या हवेत जुना फेंडर ठेवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

ट्रान्झिस्टरच्या ॲम्पांत १९७५ चा रोलँड जेसी-१२० हा स्वच्छ आवाजाचा मानदंड समजला जातो.

भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्ह बनवले असून तेथील ईएल ८४ जुन्या साठ्यांतून आजही विकत मिळतात. अमेरिकेहून ॲम्प आणणाऱ्यांना येथे केवळ २३० व्होल्टचे १२० करून भागत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी आखलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो. त्यामुळे खरेदीपूर्वी मागच्या पट्टीवर ‘५०/६०’ छापले आहे की नाही हे पाहणे आवश्यक ठरते.