अंगावर लाल चट्टा दिसला? आधी बोटाने दाबून बघा

अंग पुसताना पोटरीवर किंवा दंडावर लाल चट्टा दिसतो. काल नव्हता, काही चावल्याचं आठवत नाही, कुठे आपटल्याचंही नाही. मग आपण फोटो काढून नेटवरच्या फोटोंशी जुळवत बसतो आणि अर्ध्या तासात घाबरून जातो. फोटो जुळवून फारसं काही कळत नाही कारण उन्हाने भाजलं, किडा चावला, जंतू शिरले, औषध सोसलं नाही, या सगळ्याला त्वचा एकाच प्रकारे उत्तर देते, ती लाल होते. म्हणून चट्टा दिसतो कसा यापेक्षा तो वागतो कसा हे बघायचं.

त्वचेच्या अगदी वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतातच. लाली दिसते ती खालच्या थरातल्या बारीक केशवाहिन्या रुंद होऊन त्यात जास्त रक्त आल्यामुळे, आणि म्हणूनच ती जागा गरमही लागते. आता तिथे बोट दाबून सोडा. रक्त बाजूला सरकतं, जागा क्षणभर फिकी पडते आणि परत लाल होते, म्हणजे रक्त अजून वाहिनीच्या आत आहे. पारदर्शक काचेचा ग्लास आडवा दाबून धरला तर काचेतून हे आणखी स्पष्ट दिसतं. पण दाबूनही ठिपके जसेच्या तसे लाल-जांभळे राहिले तर रक्त वाहिनीतून बाहेर झिरपलंय, आणि ही गोष्ट वेगळी आहे.

असे टाचणीच्या डोक्याएवढे न विरणारे ठिपके आणि सोबत ताप असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. मेनिंगोकोकस नावाच्या जंतूचा संसर्ग रक्तात पसरला की काही तासांत जीवावर बेततं, लहान मुलांत तर फारच पटकन. आणि या आजारात सुरुवातीचं पुरळ दाबल्यावर विरूही शकतं, त्यामुळे मूल मलूल पडलंय, मान आखडलीय, उठवलं तरी नीट जागं होत नाही असं असेल तर ग्लास काय म्हणतो ते बाजूला ठेवा आणि निघा. ताप नसतानाही असे ठिपके येऊ शकतात, प्लेटलेट्स कमी झाल्या की येतात, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यायचं. जोरात उलट्या किंवा खोकला झाल्यावर डोळ्यांभोवती थोडे ठिपके उठतात ते ताणामुळे असू शकतात आणि आपोआप जातात, पण तसं काही झालेलं नसताना आले तर दाखवाच.

आता 'अंगावर पित्त उठलं' म्हणतो ते. नावात पित्त असलं तरी हा खेळ त्वचेतल्या मास्ट पेशींमधून सुटणाऱ्या हिस्टामिन या रसायनाचा आहे. पेनच्या टोपणाने हातावर जरा जोर देऊन रेघ ओढा: आधी लाल रेघ, मग काहींच्या त्वचेवर तिच्या आजूबाजूला पसरणारी लाली आणि फुगवटा. थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरने १९२०च्या दशकात याच तीन पायऱ्या बारकाईने मांडल्या. पित्ताच्या गांधीचं वैशिष्ट्य असं की ती एका जागी टिकत नाही, एक गांध साधारण २४ तासांच्या आत जाते आणि दुसरीकडे नवी उठते. तीच गांध तिथेच दिवसापेक्षा जास्त राहिली, खाजेऐवजी दुखत असेल, जाताना काळा-निळा डाग सोडत असेल तर डॉक्टरांकडे जा. सहा आठवड्यांहून जास्त चाललं तरी जा, अशा वेळी बाहेरचं कारण बहुतेकदा सापडत नाही पण उपचार असतात. आणि ओठ-जीभ सुजली, आवाज बदलला, धाप लागली, चक्कर आली तर खाजेची गोळी घेऊन बसू नका, तिथे मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि तेही लगेच.

माझ्या बाबांच्या नडगीवर एकदा असाच चट्टा आला, गरम, जरा सुजलेला. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होत्या तिथून जंतू शिरले होते पण तेव्हा आम्हाला काय माहीत. रात्री नऊला मी बॉलपेनने कडेकडेने रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली. सकाळी लाली रेघेच्या चार बोटं वर गेलेली आणि थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी आधी ती रेघच बघितली. त्वचेखालच्या या जंतुसंसर्गाला सेल्युलायटिस म्हणतात, अँटिबायोटिक लागतात, आणि तो बहुतेकदा एकाच पायाला होतो, दोन्ही पाय एकदम लाल झाले तर कारण बहुधा दुसरं असतं. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत रक्ताची गुठळीही असू शकते, तेही त्याच दिवशी दाखवायचं. दिसतंय त्याच्या मानाने वेदना भयंकर असतील, कातडी जांभळी-काळी पडत असेल तर एक तासही घालवू नका.

नवीन औषध सुरू करून काही दिवस ते चारेक आठवडे झालेत, पुरळ आलंय आणि तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलतेय, तर थेट हॉस्पिटल. फिट्सची काही औषधं, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं यांनी असं होऊ शकतं, क्वचित होतं पण झालं तर फार गंभीर असतं.

एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. गडद त्वचेवर लाली बऱ्याचदा लाल दिसत नाही, ती जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसते, आणि त्यामुळे उशीर होतो. तिथे हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघा, दुसऱ्या बाजूच्या हातापायाशी तुलना करा. ठिपके शोधायचे तर तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू बघा.

आणि घरात पडलेली ट्यूब लावू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर गजकर्णाची लाली चार दिवस मावळते, खाली बुरशी मात्र मजेत पसरते, कडा पुसट होतात आणि मग डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

छोटा चट्टा, दाबल्यावर फिका होतो, ताप नाही, वाढत नाही, तर आठवडाभर बघायला हरकत नाही, नवीन साबण-क्रीम बंद ठेवा. गेला नाही तर जाताना रोजचे त्याच उजेडात काढलेले फोटो न्या, गेल्या दोन महिन्यांत घेतलेली सगळी औषधं लिहून न्या, अधूनमधून घेतलेली पेनकिलरसुद्धा, आणि त्या सकाळी चट्ट्यावर काही लावू नका.