एकाच वाटेवर दोन वेग

पादचारी ताशी साधारण ४.५ किलोमीटर वेगाने चालतो, तर शहरातला सायकलस्वार सहज ताशी १८ किलोमीटरने जातो. वेगातला हा फरक चौपट असला, तरी गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे दोघांचे वजन प्रत्येकी ७० किलो आणि सायकलीचे १५ किलो धरल्यास सायकलस्वाराची ऊर्जा पादचाऱ्याच्या सुमारे १९ पट भरते. दोघांसाठी एकच सामायिक मार्ग आखताना विचार या आकड्यापासून सुरू व्हायला हवा. आपल्याकडे मात्र तो बहुधा रस्त्याच्या कडेला किती जागा उरली यापासून सुरू होतो.

ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. समोर अचानक मूल आले, तर ते दिसून ब्रेक दाबेपर्यंत २.५ सेकंद लागतील असे आराखड्यात धरतात. तेवढ्यात सायकल १२.५ मीटर पुढे गेलेली असते. ओल्या पृष्ठभागावर थांबायला आणखी सुमारे ८ मीटर लागतात. म्हणजेच वळणावर, झाडाआड किंवा सोसायटीच्या भिंतीपाशी २० मीटर पुढचे दिसत नसेल, तर तिथे सावधपणाची पाटी लावून भागत नाही. भिंत मागे घ्यावी लागते, झुडपे छाटावी लागतात किंवा सायकलीचा वेग आधीच कमी होईल अशी रचना करावी लागते. पुण्यातल्या मुठेकाठच्या मार्गांना तर ही अट अधिक कडक हवी. खडकवासला धरणातून पाणी सोडले की नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरल्यावर मागे गाळाचा निसरडा थर राहतो. त्या थरावर कोरड्या डांबरावरचे हिशेब लागू पडत नाहीत.

रुंदीचे गणितही शरीरांवरूनच करावे. शेजारी शेजारी चालणाऱ्या दोघांना सुमारे १.४ मीटर, तोल सांभाळताना किंचित डावी-उजवीकडे झुकणाऱ्या सायकलीला १ मीटर आणि मध्ये ६० सेंटिमीटर अंतर, असे ३ मीटर सहज होतात. त्याच वेळी समोरून दुसरी सायकल आली, तर ४ मीटरही पुरे पडतातच असे नाही. ही रुंदी मोकळी हवी. त्यातून विजेचा खांब, रोहित्र किंवा उभी केलेली दुचाकी वजा केल्यावर काय उरते, तेच खरे.

दुचाकी आत शिरू नयेत म्हणून बसवलेले बोलार्ड, म्हणजे आखूड खांबही जपून लावावेत. ते फार जवळ असले, तर सायकल किंवा चाकांची खुर्ची अडते. रात्री ठळक दिसले नाहीत, तर सायकलस्वार थेट त्यांच्यावर आदळतो.

पृष्ठभागाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि मला तोच सर्वात महत्त्वाचा वाटतो. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांवरून चाक सतत थरथरते, त्यात ऊर्जा वाया जाते आणि हात दुखतात. म्हणून सराईत सायकलस्वार मार्ग सोडून मुख्य रस्त्यावर येतो आणि मग लोक म्हणतात की सायकलींसाठी मार्ग बांधूनही ते वापरत नाहीत.

पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. असा आराखडा जमिनीवर उतरवताना जिथे पायी चालणाऱ्यांची गर्दी दिवसभर असते, त्या जंगली महाराज रस्त्यासारख्या ठिकाणी दोघांना एकत्र आणण्याचा मोह टाळावा. तिथे सायकलींना उंचीच्या फरकाने वेगळी पट्टी द्यावी. सामायिक मार्ग शोभतो तो कालव्याच्या किंवा तलावाच्या काठी, जिथे मध्ये प्रवेशद्वारे कमी आणि नजर दूरवर जाते.