एल हिएरो बेटावरील पवन-जलविद्युत प्रणाली

अटलांटिक महासागरातील कॅनरी द्वीपसमूहापैकी एल हिएरो या स्पॅनिश बेटावर पवनऊर्जा आणि उदंचन जलविद्युत (पाणी वर चढवून साठवायचे व गरजेला खाली सोडून वीज घ्यायची) यांची सांगड घालणारी ‘गोरोना देल व्हिएंतो’ ही संकरित प्रणाली २०१४ मध्ये सुरू झाली. सुमारे ११,००० वस्तीच्या या बेटाचे वीजजाळे शेजारच्या कोणत्याही बेटाशी जोडलेले नाही; त्यामुळे निर्मिती आणि मागणी यांतील प्रत्येक तफावत तेथल्या तेथेच, तीही काही सेकंदांत, भरून काढावी लागते.

प्रत्येकी २.३ मेगावॅटच्या पाच पवनचक्क्या, एकूण ११.३ मेगावॅटची चार पेल्टन जलचक्रे (पाण्याच्या जोरदार झोताने फिरणारी चक्रे) आणि ६ मेगावॅटचे पंप हे तिचे मुख्य घटक होत. जादा विजेवर पाणी वर चढवायचे आणि वारा पडला की तेच खाली सोडून वीज घ्यायची, हे महाराष्ट्रातील घाटघर प्रकल्पाचेच तत्त्व येथे वापरले आहे. वरचा जलाशय एका जुन्या ज्वालामुखीच्या मुखात आहे. खालच्या जलाशयात सुमारे दीड लाख घनमीटर पाणी मावते आणि दोहोंत सुमारे ६५५ मीटर उंचीचा फरक आहे. एवढ्या पाण्यात साठणारी ऊर्जा, यंत्रांतील घट धरली नाही तर, सुमारे २६५ मेगावॅट-तास भरते. हा साठा आठवडाभराच्या शांत हवेला पुरत नाही आणि म्हणून डिझेल केंद्र मोडीत काढता आलेले नाही.

तथापि नियंत्रणाचा खरा कस लागतो तो विजेची वारंवारता, म्हणजे दर सेकंदाची आवर्तने, ५० हर्ट्झच्या आसपास राखण्यात; निर्मिती आणि मागणी यांचा तोल गेला की ती ढळते. वाऱ्याचा जोर क्षणाक्षणाला बदलतो, आणि इलेक्ट्रॉनिक परिवर्तकांमार्फत जोडलेल्या पवनचक्क्यांकडून जाळ्याला फिरत्या यंत्रांचे जडत्व, म्हणजे अचानक बदलाला आवरून धरणारा त्यांचा गुण, फारसे मिळत नाही. म्हणून भरपूर वारा असतानाही जलचक्रे फिरती ठेवतात आणि त्याच वेळी पंपांनी पाणी वर चढवून त्यांचा भार हवा तसा कमीजास्त करतात. पाणी एकाच वेळी खाली सोडणे आणि वर नेणे वरवर उधळपट्टी वाटते. प्रत्यक्षात ती स्थैर्याची किंमत असून डिझेल जनित्रे बंद ठेवणे त्यामुळेच शक्य होते. जलाशय भरला आणि वारा तरीही उरला, तर पात्यांचा कोन बदलून पवनचक्क्यांचे उत्पादन घटवावे लागते.

ऑगस्ट २०१५ मध्ये बेटाने प्रथमच काही तास संपूर्ण मागणी नवीकरणीय विजेवर भागवली. २०१९ च्या उन्हाळ्यात व्यापारी वाऱ्यांच्या बळावर हा काळ सलग २४ दिवसांवर गेला. वर्षभराचा हिशेब मात्र वेगळा आहे: २०१८ मध्ये एकूण मागणीत नवीकरणीय विजेचा वाटा सुमारे ५६ टक्के होता.