हाताच्या अंतरावरचं नाटक: पुण्यातल्या छोट्या रंगमंचामागची गोष्ट

प्रेक्षक किती लांब बसवायचा, हा वाद 'नाट्यशास्त्रा'इतका जुना. माणसांसाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद नाट्यगृह पुरे, असं भरतमुनी दुसऱ्या अध्यायात सांगतात. कारणही रोखठोक: याहून मोठ्या वास्तूत शब्द नीट पोचत नाहीत, चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. त्यातली निम्मी लांबी नटांची, म्हणजे प्रेक्षकांना साधारण ४८ फूट. १९६८ मध्ये उघडलेलं बालगंधर्व रंगमंदिर जवळपास हजार खुर्च्यांचं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय अशा थिएटरात लागते आणि छोट्या जागेत आधी तीच मोडावी लागते.

पुण्याची प्रायोगिक मंडळी लगेच छोट्या जागेत शिरली नाहीत. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं ते नेहमीच्या चौकटीच्या रंगमंचावरच, फक्त तिथे ब्राह्मणांची रांगच पडदा झाली. पुढे ते बसवणाऱ्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन) या संस्थेत वाद होऊन प्रयोग थांबले आणि बाहेर पडलेल्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकादमी काढली. नेपथ्याचा ट्रक नसला तरी नाटक होतं, एवढं तेव्हा पक्कं झालं. नट-प्रेक्षकातलं अंतर मात्र इतरत्र आधी तुटलं: पोलंडमध्ये दिग्दर्शक ग्रोटोव्स्कीने १९६३ च्या 'फाउस्टस'मध्ये प्रेक्षकांना जेवणाच्या लांब टेबलांशी पाहुणे म्हणून बसवलं, कोलकात्यात नाटककार बादल सरकारांनी नट-प्रेक्षकांना एकाच जागेत आणणारा अंगणमंच मांडला. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंच या छोट्या जागेमुळे पुणेकरांना नटाचा श्वास ऐकू येण्याची सवय झाली. लंडनच्या पंचड्रंक या नाटकसंस्थेने (स्थापना २०००) तर प्रेक्षकाला अख्ख्या इमारतीत मोकळं सोडलं. ही कल्पना आपल्याकडे वाड्यात किंवा रिकाम्या फ्लॅटमध्ये करायची म्हटलं की खरा हिशेब सुरू होतो.

समजा चार खोल्या, बारा-बाराचे चार गट, आठ मिनिटांचा प्रवेश आणि खोली बदलायला दोन मिनिटं. चारही गट एकदम वेगवेगळ्या खोल्यांत सोडले तर ३८ मिनिटांत खेळ संपतो, पण कथा कुठूनही सुरू होईल अशी लिहावी लागते. कथा सरळ हवी असेल तर चौथा गट अर्धा तास बाहेर थांबतो. त्याचं काय करायचं, हे बहुतेक संहितांत लिहिलेलंच नसतं! एका खोलीने दोन मिनिटं जास्त घेतली की मागचे गट बोळात तुंबतात. म्हणून प्रत्येक प्रवेशात मिनिटभराचा ताणता-कापता येणारा तुकडा ठेवावा आणि खोली सोडायची खूण घड्याळाने नव्हे, सगळीकडे ऐकू जाणाऱ्या एकाच आवाजाने द्यावी. प्रेक्षकाशी उत्स्फूर्त बोलायचं असेल तर आणखी एक पेच: नाटकाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता आधी द्यावी लागते, आणि प्रेक्षकाचं उत्तर संहितेत कुठून लिहिणार?

दिव्यांचंही तसंच. घरातलं १५ अँपिअरचं सॉकेट म्हणजे साधारण ३४५० वॉट, म्हणजे हजार वॉटचे तीन पार (डब्यासारखे रंगमंचाचे दिवे). चौथा लावला की एमसीबी (जादा भाराला वीज तोडणारा खटका) लगेच पडेलच असं नाही. प्लग मात्र तापत राहतो, आणि ते जास्त धोक्याचं. एलईडीने भार हलका केला, पण स्वस्त एलईडी अगदी मंद करताना उजेड झटक्याझटक्याने कमी करतो. सहा फुटांवरून ते लपत नाही. चारही बाजूंनी प्रेक्षक असतील तर नेहमीचा ४५ अंशांचा दिवा समोरच्यांच्या डोळ्यांत जातो. तो ६० अंशांपर्यंत चढवला की नटाच्या डोळ्यांखाली खड्डे पडतात, मग फिकट रंगाची जमीन कामाला येते, कारण खालून थोडा उजेड परततो.

पंखा बंद केला तर पन्नास माणसांत उकडतं, चालू ठेवला तर कुजबुज ऐकू येत नाही. मध्यंतर नसलेल्या खेळात प्रेक्षक आत येईपर्यंत पंखे पूर्ण वेगात ठेवून पहिल्या वाक्याआधी बंद करतात. चाळीस मिनिटं तेवढ्यावर निभतात. पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाच्या आवाजात तेही जमत नाही. नदीकाठच्या जागेला तर गणपतीआधीचे आठवडे संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव असतो. तेव्हा दुपारचा प्रयोग लावावा, किंवा जागाच दुसरी बघावी.